बाहुल्यांच्या हजेरीची रुजुवात

नटाच्या चेहऱ्यावर त्याचे वय लिहिलेले असते. जुन्या फितीतील नट कोणत्या सुमारास कॅमेऱ्यापुढे उभा राहिला, याचा अदमास त्याच्या कानशिलावरच्या केसांवरून किंवा हनुवटीखाली सुटलेल्या कातडीवरून बांधता येतो. परंतु ज्या ‘मपेट’ बाहुल्यांच्या दूरचित्रवाणीवरील विस्मृत हजेऱ्या धुंडाळण्यात माझा बराच फावला वेळ खर्ची पडला, त्यांना वार्धक्य ठाऊक नाही, आणि या शोधातील अर्ध्याअधिक अडचणी त्यांच्या या चिरतारुण्यातूनच उद्भवतात. त्यांच्या कर्त्याने, जिम हेन्सनने, १९५५ साली आईच्या जुन्या हिरव्या कोटाचे कापड बेतून, पिंगपाँगच्या चेंडूची दोन शकले डोळ्यांच्या जागी बसवून जो कर्मिट घडविला, त्याची मुद्रा पुढल्या पन्नास वर्षांत कोणत्याही दुःखाने सुरकुतली नाही. त्याचे साल ठरवावयाचे तर चेहरा सोडून शिंप्याच्या कामाकडेच वळावे लागते.

आरंभीचा कर्मिट बेडूक नव्हताच. तो सरड्यासारखा काही एक अनिश्चित जीव होता, आणि त्याच्या गळ्याभोवतीची ती प्रसिद्ध टोकदार पट्टी साठोत्तरी दशकाच्या उत्तरार्धापूर्वी आढळत नाही. म्हणून पट्टीविना कर्मिट दिसला की कालाची एक सीमा हाती लागते. दुसरी खूण हाताची. बाहुल्या चालविणारा आपला उजवा हात डोक्यात घालतो आणि डाव्या हाताने बाहुलीच्या हाताची काडी हलवितो. सबब या बाहुल्या बहुतांशी डावखुऱ्या असतात. एखाद्या फितीत अशी सारी मंडळी उजव्या हाताने खाणाखुणा करू लागली, तर प्रत उलटी छापली गेली असल्याचा संशय घेणे रास्त ठरते. तिसरी खूण आवाजाची. हेन्सन १९९० साली वारल्यावर कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर बोलवू लागला, आणि २०१७ पासून मॅट व्होगेल बोलवितो. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव पुढे त्यांचे पुत्र रामदास यांच्या मांडीवर बसून बोलू लागला, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्या मराठी श्रोत्यांना एकाच देहातील दोन कंठ ओळखण्याची ही कला मुद्दाम शिकवावी लागणार नाही.

या हजेऱ्या हरवल्या कशा, हे तर एक वेगळेच प्रकरण आहे. पन्नाशीच्या दशकात बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. प्रत ठेवावयाचीच झाली तर पडद्यावरचे चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपून घेत, त्या प्रतीला किनेस्कोप म्हणत. १९५६ साली अँपेक्सचे चित्रफितीचे यंत्र बाजारात आले खरे, परंतु दोन इंच रुंदीची ती फीत इतकी महाग होती की कालचा कार्यक्रम पुसून तिच्यावर आजचा चढविणे हा सर्वत्र रूढ व्यवहार झाला. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ची न्यूयॉर्कमधील पहिली दहा वर्षे बव्हंशी याच काटकसरीत नाहीशी झाली. हे कारकुनी पाप मी क्षम्य मानतो. फितीची किंमत त्या दिवशी दिसत होती, बाहुलीची दिसत नव्हती.

अक्षम्य वाटते ती नोंदीची हेळसांड. नटाचे नाव फेरिस्तीत चढते, गायकाचे चढते. बाहुल्यांच्या वाट्याला मात्र ‘शिवाय बाहुल्यांचा खेळ’ एवढाच मजकूर येतो. १८ सप्टेंबर १९६६ रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ही मंडळी प्रथमच आली, तेव्हा यजमानाने त्यांच्या कर्त्याचे नाव ‘जिम न्यूसम’ असे पुकारले. ज्याला दफ्तरात केवळ हेन्सन हे नाव शोधावयाचे ठाऊक आहे, त्याच्या हाती अशा ठिकाणी काय लागणार? मी म्हणून नावामागे न लागता तारीखवार जातो. वर्तमानपत्रांतील त्या आठवड्याचे कार्यक्रमपत्रक, जाहिरातदाराचा पत्रव्यवहार, मानधनाची पावती अशा रुक्ष कागदांची एकमेकांशी रुजुवात घातली, की चित्र पाहण्यापूर्वीच हजेरी बहुधा सिद्ध झालेली असते.

प्रेक्षकांची साक्ष मी ऐकतो, पण तिच्यावर निकाल देत नाही. ‘माना माना’ या निरर्थक बोलांच्या गाण्याचेच पाहा. पिएरो उमिलियानी या इटालियन संगीतकाराची ही चीज १९६९ च्या नोव्हेंबरात अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने ‘सेसमी स्ट्रीट’वर आणि सलिव्हनच्या रंगमंचावर वाजली, आणि पुढे १९७६ साली ‘द मपेट शो’मध्ये पुन्हा आली. मनुष्य शपथेवर सांगतो की मी ते सलिव्हनकडे पाहिले, आणि वर्णन मात्र दोन लहान मुलींचे करतो. त्या मुली ‘सेसमी स्ट्रीट’च्या. सलिव्हनकडे होत्या त्या भोंग्यासारख्या तोंडाच्या दोन गुलाबी जनावरबाहुल्या.

मला स्वतःला सर्वांत गोडी जाहिरातींची. वॉशिंग्टनच्या विल्किन्स कॉफीसाठी हेन्सनने १९५७ पासून ज्या जाहिराती केल्या, त्यांना दहा सेकंदांची जागा मिळे. तीत आठ सेकंद नाट्य आणि दोन सेकंद मालाचे दर्शन. विल्किन्स नावाचा बाहुला कॉफी प्यावयास सांगतो, वाँटकिन्स नावाचा नाकारतो, आणि नकाराबद्दल त्याच्यावर तोफ डागली जाते किंवा असाच काही दारुण प्रसंग गुदरतो. हा हिंस्र विनोद इतका खपला की त्याच संहिता, त्याच दोन बाहुल्या घेऊन, अन्य प्रांतांतील कॉफीवाल्यांसाठी आणि इतर मालाच्या विक्रेत्यांसाठी पुन्हा चित्रित झाल्या. त्यामुळे डबा कोणता, हे वाचल्यावाचून अशा फितीचा गाव निश्चित होत नाही, आणि नेमकी तीच दोन सेकंदे संग्राहकांच्या प्रतींतून पुष्कळदा कापलेली असतात! याउलट १९७९ च्या एप्रिलमध्ये कर्मिटने कार्सनच्या खुर्चीत बसून यजमानपद भूषविले, ती हजेरी मोठी खरी, पण तिचा बोभाटाही तितकाच मोठा झाला. तिच्यात शोधकाला करण्यासारखे काही उरत नाही.

वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी केंद्रावर मे १९५५ ते डिसेंबर १९६१ पर्यंत चाललेल्या ‘सॅम अँड फ्रेंड्स’ या पाच मिनिटांच्या खेळाचे फारच थोडे भाग आज पाहावयास मिळतात. त्यातील मूळ बाहुल्या २०१० साली हेन्सनच्या पत्नी जेन यांनी स्मिथसोनियनच्या स्वाधीन केल्या. ज्या रात्रींचे चित्र नाही त्यांना हजेरीपटात जागा देऊ नये, असे या छंदातील काही जाणत्यांचे म्हणणे आहे. मी ती देतो, कार्यक्रमपत्रक आणि पावती या दोहोंचा मेळ बसला की तारीख लिहितो, वेळ लिहितो, आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रक्षेपित, चित्र अनुपलब्ध’ असा शेरा मारून पुढील पानाला लागतो.