संवेगाचे खाते

आमच्या घराण्यात भौतिकशास्त्राशी प्रत्यक्ष संबंध आला तो फक्त आजोबांचा. ते एकदा माडीच्या जिन्यावरून पडले होते. मी बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो, आणि चाळिशी उलटेपर्यंत न्यूटनवाचून माझे काही अडले नाही.

अडले ते आमच्या कन्येचे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, विज्ञानात उत्तम गुण मिळवले, आणि अकरावीला सायन्सला जाताच मुकी झाली. तिथे सगळा कारभार इंग्रजीत. सुरुवातीला ती मला शब्द विचारायची. पण माझी सगळी उत्तरे व्याज आणि शिल्लक यांच्या अंगाने जाऊ लागल्यावर तिने तो नाद सोडला. सहामाहीचा निकाल तिने दाखवलाच नाही. तो मला गादीखाली सापडला. दुसऱ्यांच्या खात्यातली तूट मी रोज पाहतो, पण ही पाहून रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. अप्पा बळवंत चौकात जाऊन जुन्या पुस्तकांतून भौतिकशास्त्राचा परिभाषा कोश घेऊन आलो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. दोन रकाने दिसले की माझ्यातला कारकून सुखावतो. म्हटले, आधी आपण शिकू, मग पोरीला शिकवू!

‘वर्क’ म्हणजे ‘कार्य’ हे वाचून धीर आला. कार्ये मी पुष्कळ पाहिली आहेत; गेल्याच वर्षी पुतण्याची मुंज झाली. पण ‘मोमेंटम’पाशी गाडी थांबली. मोमेंटम म्हणजे संवेग. ठीक. आणि संवेग म्हणजे? ओळ उलटी वाचली, तर मोमेंटम. ही पद्धत मला ओळखीची वाटली. बँकेत आम्ही माणसाला तीन नंबरच्या खिडकीवरून पाचला धाडतो आणि पाचवरून परत तीनला. मी नेहमी धाडणाऱ्यांतला. गिऱ्हाईक होण्याची ही पहिलीच वेळ.

शेवटी पाठांतराचा मार्ग धरला. “मोमेंटम संवेग, मोमेंटम संवेग,” असे मोठ्याने घोकत होतो, तोच कन्या आतून बाहेर आली.

“काय म्हणालात? मोमेंटम म्हणजे संवेग?”

“असं कोश म्हणतो. माझं काही नाही.”

“म्हणजे वस्तुमान गुणिले वेग? आमचा नववीतला संवेग?”

तिने कोश माझ्या हातून ओढलाच. इनर्शिया, जडत्व. अ‍ॅक्सिलरेशन, त्वरण. रिफ्रॅक्शन, अपवर्तन. “बाबा, हे सगळं मला येतंय की हो!” असे म्हणाली आणि एकदम रडू लागली. चार महिने ही पोर ओळखीच्याच माणसांना परक्या कपड्यांत पाहून घाबरत होती. कोश तोच, पण चेक वटायला खात्यात शिल्लक लागते. ती तिच्या खात्यात होती. माझ्या खात्यात आजोबांचा जिना.

आता रोज जेवणानंतर मी शब्द वाचतो आणि ती अर्थ सांगते. जोर लावूनही वस्तू जागची हलली नाही, तर कार्य शून्य, असे तिने सांगितले. (आमच्या साहेबांच्या हे कानावर जाऊ नये.) परवा ‘अप्रकट उष्मा’ निघाला. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला 80 कॅलरी लागतात, पण बर्फ वितळून संपेपर्यंत तापमान शून्यावरच. पारा ढिम्म हलत नाही.

“मग 80 कॅलरी वाया गेल्या?” मी हिशेबी मनाने विचारले.

“नाही हो. आतले बंध सैल होत असतात. बाहेरून दिसत नाही, एवढंच.”

गादीखालच्या निकालाचा विषय मी काढणार होतो, तो काढला नाही.

काल ‘कपल’ आला. कोशात ‘बलयुग्म’. सारख्याच ताकदीची, समांतर, विरुद्ध दिशांची, पण एका रेषेत नसलेली दोन बले. “त्यांनी वस्तू पुढे जात नाही,” कन्या म्हणाली, “जागच्या जागी गरगर फिरते.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, “पुरे आता, मुलीला झोपू द्या!”

“एकच पान राहिलंय,” मी इकडून ओरडलो.

कन्या आमच्या दोघांच्या मधोमध उभी होती. तिने एकदा तिकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि हसत कोश मिटला.