राखेखालच्या वहाणा

युजीन शहरात ओरेगॉन विद्यापीठाचं संग्रहालय आहे. तिथे काचेआड काही वहाणा ठेवल्या आहेत. सेजब्रश नावाचं झुडूप या भागातल्या कोरड्या माळांवर सगळीकडे उगवतं, त्याची साल वळून त्या विणलेल्या आहेत. तळ सपाट, आणि बोटांवर घ्यायला पुढे विणलेली झडप. काहींच्या कडा जळून काळ्या पडल्यात. वीण मात्र इतकी घट्ट आणि एकसारखी, की विणणाऱ्याचा हात किती सरावलेला होता ते आजही कळतं. ल्यूथर क्रेसमन या मानववंशशास्त्रज्ञाला 1938 साली फोर्ट रॉकच्या गुहेत अशा डझनावारी वहाणा सापडल्या. त्यांच्यावर ज्वालामुखीच्या राखेचा एक थर होता. वहाणा राखेखाली, म्हणजे राख पडण्याआधी इथे माणसं राहत होती, असं क्रेसमन सांगत राहिले. पुष्कळांना ते पटेना. 1951 मध्ये कार्बनच्या पद्धतीने वय काढलं, तेव्हा त्या नऊ हजार वर्षांच्या निघाल्या.

ती राख कुठल्या डोंगराची, हे बघायला आम्ही निघालो होतो. पोर्टलंडला राहणारी माझी भाची गाडी चालवत होती. युजीनहून पूर्वेला कॅस्केड पर्वत ओलांडला की हिरवं जंगल संपतं आणि माळ सुरू होतो. त्या सपाटीवर फोर्ट रॉक नावाप्रमाणेच तटबंदीसारखा उभा आहे. एके काळी इथे तळं होतं. तळ्याच्या तळातून वर आलेला लाव्हा पाण्याला भिडून फुटत राहिला आणि त्या चुऱ्याचं हे कडं झालं. वहाणांची गुहा तिथून जवळच आहे. तिथे उद्यान खात्याच्या मार्गदर्शकासोबतच जाता येतं.

सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला या पर्वतरांगेची सवय व्हायला वेळ लागतो. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून पसरला, थरावर थर बसत गेला आणि शांत झाला. कॅस्केडमध्ये अजून कशाचाच शेवट झालेला नाही. पॅसिफिकच्या तळाचा एक तुकडा वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने उत्तर अमेरिकेच्या खाली सरकतो आहे. त्याच्यासोबत खोल गेलेलं पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं, त्याने खडक वितळतो, आणि उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत बर्फाच्छादित शिखरांची ओळ उभी राहते.

फोर्ट रॉकच्या नैर्ऋत्येला, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर क्रेटर लेक आहे. कडेवर जाऊन उभं राहिल्यावर आधी पाण्याचा रंगच दिसतो, बाकी काही सुचत नाही. खोली 594 मीटर, अमेरिकेतलं सगळ्यात खोल सरोवर. एकही नदी त्यात येत नाही, पाणी सगळं पावसाचं आणि बर्फाचं. इथे पूर्वी माझामा नावाचा सुमारे 3,700 मीटर उंचीचा डोंगर होता. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी त्याच्या पोटातून जवळजवळ 50 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. खालचा आधार गेला आणि माथा आत कोसळला. राख आजच्या अमेरिकेच्या आठ राज्यांवर आणि कॅनडावर पडली. तिचे काचेसारखे कण ग्रीनलंडच्या बर्फातही सापडले आहेत.

ही राख एकाच डोंगराची, हे ठरवणं सोपं नव्हतं. प्रत्येक उद्रेकाच्या राखेतली काच आणि खनिजं रासायनिकदृष्ट्या थोडी वेगळी असतात. चिमूटभर राख सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन, तिचं रसायन तपासून, दूरदूरच्या तळ्यांच्या गाळातल्या थरांशी ती जुळवावी लागते. मग तिच्याखाली दबलेल्या, जळालेल्या लाकडातला कार्बन मोजायचा. हॉवेल विल्यम्स यांनी 1942 मध्ये माझामाचा इतिहास मांडला. पुढे चार्ल्स बेकन यांनी आयुष्याची अनेक वर्षं या एका डोंगराला देऊन 2008 मध्ये त्याचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ईशान्येच्या कडेला आहे. क्लीटवूड नावाचा लाव्हा तिथे पसरला आहे. वरून तो दगड झाला होता, आत अजून गरम होता. तेवढ्यात मोठा उद्रेक झाला, डोंगर कोसळला, लाव्ह्याखालची कडाच निघून गेली आणि आतला मऊ भाग नव्याने तयार झालेल्या कड्यावरून उलटा, सरोवराच्या बाजूला ओघळला. लाव्हा पूर्ण थंड व्हायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे दोन्ही घटनांमध्ये फार वेळ गेलेला नाही. हजारो वर्षांचा हिशेब करताना मध्येच एक इतका छोटा अवधी हाती लागावा, याचा आनंद मला तिथे उभं असताना आवरेना. भाचीला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, कळलं गं मला पहिल्यांदाच.”

क्लामाथ लोक या जागेची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पाताळातला लाओ आणि आकाशातला स्केल यांचं युद्ध झालं, आगीचा वर्षाव झाला आणि लाओचा डोंगर त्याच्यावरच कोसळला. या उद्रेकाच्या वेळी त्यांचे पूर्वज इथेच होते. वहाणा आणि गोष्ट एकाच बाजूने साक्ष देतात.

आपल्याकडेही अशी एक राख आहे आणि तिची आठवण मला या प्रवासात वारंवार येत होती. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरीला गाळामध्ये ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच ठिकाणी अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडतात. ती राख दख्खनच्या लाव्ह्याची नाही. सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीशी ती जुळते. पण टोबाचे मोठे उद्रेक एकाहून जास्त आहेत आणि बोरीची राख त्यातल्या नेमक्या कुठल्या उद्रेकाची यावर संशोधकांत वाद झाला. सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून कितीतरी जुन्या, या एका प्रश्नावर तिथल्या हत्यारांचं वय अवलंबून आहे. चिमूटभर राखेचं रसायन किती मोलाचं, ते कुकडीच्या काठीही तितकंच खरं आहे.

पुढे उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स. आम्ही ईशान्येकडून विंडी रिजला गेलो. खाली स्पिरिट लेक आणि पाण्यावर तरंगणारी खोडं. 1980 पासून ती तिथेच आहेत, वाऱ्याबरोबर या काठावरून त्या काठावर जातात. समोर डोंगर, आणि त्याची उत्तर बाजूच नाही.

या डोंगराचा इतिहास ड्वाइट क्रॅन्डेल आणि डोनल मलिनो या दोघांनी उलगडला. शिखरावर फारसं काही टिकत नाही. पुढचा उद्रेक मागचा पुरावा उडवून देतो. म्हणून हे दोघे खाली, नदीकाठच्या दरडींत आणि रस्ते खोदताना उघड्या पडलेल्या भिंतींत वर्षानुवर्षं फिरले. राखेचे थर, चिखलाचे थर, मधली जळकी लाकडं. गेल्या साडेचार हजार वर्षांत कॅस्केडमध्ये सर्वांत जास्त वेळा पेटलेला डोंगर हाच, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1978 च्या अहवालात त्यांनी लिहिलं की तो पुन्हा पेटेल, कदाचित हे शतक संपण्याआधीच. दोन वर्षांत तो पेटला.

18 मे 1980, रविवार, सकाळी 8 वाजून 32 मिनिटं. त्याआधी कित्येक दिवस उत्तरेची बाजू रोज सुमारे दीड मीटर फुगत होती. भूकंप झाला, ती बाजू सुटली, आणि मानवाने नोंदलेली सर्वांत मोठी दरड कोसळली. दाब मोकळा झाल्याबरोबर स्फोट आडवा बाहेर पडला आणि सुमारे 600 चौरस किलोमीटर जंगल भुईसपाट झालं. 57 माणसं गेली. धोक्याच्या नकाशामुळे भाग बंद ठेवला नसता आणि सुट्टीचा दिवस नसता, तर जंगलतोडीचे कामगारही त्यात सापडले असते. समोरच्या कड्यावर निरीक्षणाला बसलेला तीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन गेला. त्याचा देह कधीच मिळाला नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या जागी हॅरी ग्लिकेन होता. ग्लिकेनने पुढची वर्षं त्याच दरडीचा अभ्यास केला आणि 1991 मध्ये जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर तोही मरण पावला. त्या कड्याकडे बघताना या दोघांची नावं मनातून हलत नाहीत.

दरडीने मागे सोडलेल्या टेकाडांनी एक जुनं कोडंही सोडवलं. कॅलिफोर्नियातल्या शास्ता पर्वताच्या उत्तरेला खोऱ्यात शेकडो टेकड्या विखुरल्या आहेत. त्या कशा झाल्या, हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. सेंट हेलेन्सची टेकाडं पाहिल्यावर क्रॅन्डेलनी ओळखलं, ग्लिकेनही त्या कामात होता: तीही एक दरडच, तीन लाख वर्षांहून जुनी आणि सेंट हेलेन्सच्या कित्येक पट मोठी.

झाडांनीही साक्ष दिली आहे. डेव्हिड यामागुची यांनी इथल्या म्हाताऱ्या डग्लस फर झाडांची वर्षवलयं मोजली. राखेत गाडली जाऊनही जी झाडं जगली, त्यांची वलयं 1480 पासून एकदम बारीक होतात. म्हणजे मोठा उद्रेक 1479 ची वाढ थांबल्यावर आणि 1480 ची सुरू होण्याआधी झाला. त्या वेळी बहामनी राज्य अखंड होतं, महमूद गावान हयात होता. असाच दुसरा उद्रेक 1799 ते 1800 च्या हिवाळ्यातला. पुण्यात नाना फडणवीसांचे ते अखेरचे महिने. लेखी कागद नसलेल्या डोंगरात उद्रेकाची तारीख हंगामापर्यंत नेमकी ठरावी, ही मला विज्ञानाची मोठी कमाई वाटते.

शेवटचा मुक्काम रेनियरच्या पायथ्याचा. 4,392 मीटर, आणि कॅस्केडच्या बाकी सगळ्या ज्वालामुखींवर मिळून नाही एवढं बर्फ याच्या एकट्याच्या अंगावर. इथे राखेपेक्षा चिखलाची भीती जास्त. आतल्या वायूंनी आणि गरम पाण्याने डोंगराचा खडक कुजून माती झाला आहे. 5,600 वर्षांपूर्वी माथ्याचा मोठा भाग सुटला आणि चिखलाचा लोंढा समुद्रापर्यंत गेला. त्याचा गाळ आधी हिमनदीचा समजत; तो ज्वालामुखीचा आहे हे पन्नासच्या दशकात दाखवणाऱ्यांत तरुण क्रॅन्डेलच होते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा दुसरा लोंढा ज्या खोऱ्यातून गेला, तिथे आज ऑर्टिंग गाव आहे. घरांचे पाये खणताना तिथे जुन्या जंगलाचे प्रचंड बुंधे निघाले. त्या लोंढ्याच्या वेळी उद्रेक झाल्याची खूण सापडत नाही, म्हणजे डोंगर काही न कळवताही ढासळू शकतो.

म्हणून वरच्या खोऱ्यांत जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं बसवली आहेत आणि गावात भोंगे. लोंढा सुटला तर गावाजवळ साधारण तासभर असेल. शाळेची मुलं ठराविक काळाने सराव करतात. रांगा लावून, पायी, उंच जागेकडे. रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत, ज्वालामुखीपासून बाहेर पडायची वाट दाखवणाऱ्या. भाचीने एका पाटीपाशी गाडी थांबवली. कार्बन नदीच्या पलीकडचा चढ तिथून दिसतो. मुलांना लवकर पोचता यावं म्हणून या नदीवर खास पायी जाण्याचा पूल बांधा, अशी मागणी गावातले पालक कित्येक वर्षं लावून धरत आले आहेत.