मुठी उघडा, मिटा

आमच्या वरंधला मान दुखते म्हणून कोणी डॉक्टर गाठत नाही. कंबर धरली तर निदान चार बायका विचारतात. मानेचं ऐकलं की म्हणतात, झोपेत अवघडली असेल. मी बाम चोळत दोन पावसाळे काढले. मग भाकरी थापताना उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तेव्हा महाड गाठलं.

आमच्याकडे बाईच्या मानेला उसंत अशी नसतेच. शेत भाजायच्या राबासाठी तोडलेली पाल्याची कवळ डोक्यावर, हंडे डोक्यावर, कापणीनंतर खळ्यापर्यंत भाताचे भारेही डोक्यावर. लावणीत डोक्यावर काही नसतं, पण दिवसभर कंबरेत वाकायचं आणि मान वर करून बांधावरच्या माणसांशी बोलायचं. माझी कंबर त्याआधीच कितीतरी वर्षं दुखत होती. ती घरातलीच झाली होती.

एक्स-रेच्या कागदावर ‘झीज’ वाचलं आणि पायातलं बळच गेलं. वाटलं, आता हाडांचा भुगा होणार. डॉक्टरांनी आधी कागद बाजूला ठेवला. मला सरळ रेषेत चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमीट होते ते मोजलं. वीसच्या आसपास व्हायला हवी, म्हणाले. लघवीवर ताबा आहे ना, तेही विचारलं. मज्जारज्जूवर दाब आला तर हात बोजड होतात, चाल बिघडते, आणि तिथे थांबून चालत नाही. माझं तसं नव्हतं.

मग समजावलं. डोकं जवळपास पाच किलोचं, ते मानेच्या सात मणक्यांवर. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी वयाबरोबर कमी होतं, त्या बसतात, कडांना हाडाचे कोंब फुटतात. बहुतेकदा पाचव्या ते सातव्या मणक्याच्या भागात. तिथून निघणारी नस चिमटली की मुंग्या हातात येतात. पुढचं वाक्य मी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं: साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत हे दिसतं आणि त्यातल्या कित्येकांची मान दुखतही नाही. सासूबाईंनी माझ्या दुप्पट हंडे वाहिले. त्यांचा फोटो काढला असता तर माझ्यापेक्षा वाईट निघाला असता, पण मान दुखते असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

भीती गेली तशी निम्मी दुखणी हलली, असं मला वाटतं. तीन महिन्यांहून जुनी वेदना म्हणजे दर वेळी नवी इजा नव्हे, हे व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने सांगितलं. “काकू, पडून राहू नका,” हे तिचं पालुपद. हनुवटी सरळ आत ओढायची, खांद्याची पाती मागे जुळवायची, कपाळावर तळवा ठेवून डोक्याने रेटायचं पण मान हलू द्यायची नाही. कंबरेसाठी रोज चालणं. बिरवाडीच्या बाजारातून आणलेला पट्टा तिने काढायला लावला. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजनं लावून ओढणं नको, असंच म्हटलं. समजावणं आणि व्यायाम मात्र हवेत. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती म्हणे. म्हणजे वरंधची सोबत मोठी आहे.

यजमान अजून न्हाव्याकडे मान कडकन मोडून घेतात. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे सांगून माझं तोंड दुखलं.

दुखणं आहेच. लावणीत आता मी थोड्या थोड्या वेळाने उठून रोपांच्या मुठी वाटायला जाते. हंडा अर्धाच भरते आणि एक खेप जास्त करते. त्यावरून जाऊबाई हसतात. परवा त्याच हात बधिर होतो म्हणत आल्या. मी त्यांना पडवीत बसवलं, घड्याळ हातात घेतलं आणि म्हटलं, “मुठी उघडा, मिटा, मी मोजते.”