शाळेच्या इतिहासात मैदानही हवे

आमच्या शाळेची स्मरणिका काढायचे ठरले आणि आम्ही सहा माजी विद्यार्थी कामाला लागलो. दप्तरात इमारतीचे बांधकाम, देणगीदारांची नावे, दहावीचे निकाल असे सारे तारीखवार सापडले. फुटबॉलच्या संघाबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

मग आम्ही दूधबाजार, कोकणीपुरा, चौक मंडई या भागांत घरोघर फिरलो. त्या वेळचे खेळाडू आता सत्तरी ओलांडलेले. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कमी ऐकू येते. पण सामन्याचा विषय निघाला की सगळे सरसावून बसतात. ईदगाह मैदानावरचा अनवाणी खेळ, वर्गणीतून घेतलेला एकुलता एक चेंडू, ब्लॅडर पंक्चर झाली की सायकलवाल्याकडे घेतलेली धाव. एक चाचा म्हणाले, “आमचे सर दिवसभर गणित शिकवायचे आणि असरनंतर शिट्टी घेऊन मैदानात यायचे.”

शिक्षकाने मुलांना खेळ शिकवावा, ही आपल्याकडची जुनी रीत. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. शाळकरी मुलांसाठी दिल्लीत 1960 पासून सुब्रतो कप भरतो. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ तिथे पोहोचतो.

आपल्या नाशिकलाही शाळांचा मोठा इतिहास आहे. देवळालीचे बार्न्स स्कूल 1925 चे, भोसला मिलिटरी स्कूल 1937 चे. त्यांच्याकडे स्वतःची ऐसपैस मैदाने आहेत. आमच्या शाळेला प्रार्थनेपुरते पटांगण. मैदान दुसऱ्याचे, चेंडू वर्गणीचा आणि सर बिनपगारी. ज्याचा खर्च वहीत लिहिला जात नाही, त्याची आठवणही वहीत राहत नाही. आमच्या संघाचे असेच झाले.

एका घरी आजोबा जुना फोटो दाखवत होते. आठवीतली नात शेजारी उभी होती. तीही शाळेत फुटबॉल खेळते. “पुढच्या वर्षी बंद,” तिची अम्मी म्हणाली. “दहावी तोंडावर, आणि स्कार्फ बांधून कोण खेळू देणार?” आम्ही सांगितले की 2014 पासून फुटबॉलच्या नियमांतच डोक्यावरच्या स्कार्फला परवानगी आहे आणि सुब्रतो कपमध्ये मुलींचाही गट असतो. अम्मी काही बोलल्या नाहीत. मुलीने मात्र विचारले, “अंकल, तुमच्या पुस्तकात आमचा संघ येणार का?”

या प्रश्नाने आमच्या कामाला दिशा मिळाली. जुन्या खेळाडूंची नावे छापायचीच, पण आज खेळणाऱ्या मुलामुलींचीही छापायची. नाहीतर पन्नास वर्षांनी आणखी कुणाला असेच घरोघर फिरावे लागेल. भिंतीवर आपल्याच मोहल्ल्यातले नाव दिसले की मुलांना ती वाट परकी वाटत नाही.

आपल्याही घरी असा एखादा फोटो असेल. दादा-नाना हयात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते.