पाणी मागणारा

आमच्याकडे प्रार्थना कोंकणीत, पाढे मराठीत आणि शेताचा उतारा कन्नडात. गुंजीच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. लोंढा आणि खानापूर यांच्या मधलं हे गाव. रात्री आजी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगायला बसायची तेव्हा पलीकडच्या पडवीत हरिपाठ चाललेला असायचा, आणि आम्हा पोरांना दोन्ही पाठ. माऊलीच्या यात्रेत आम्ही हिंडायचो आणि नाताळचा गोठा बघायला अख्खी आळी आमच्या अंगणात यायची. याला सर्वधर्मसमभाव वगैरे म्हणतात हे मला बेळगावला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आम्ही त्याला शेजार म्हणत होतो.

नाताळात ताटं पाठवायची. नेवऱ्या, दोदोलाच्या वड्या, वर आजीनं विणलेला जाळीचा रुमाल. पलीकडच्या मावशी ते ताट तिथल्या तिथे रिकामं करून कधी परत देत नसत. 'थांब रे जरा' म्हणून आत जायच्या आणि ताटात काहीबाही घालूनच ते हातात द्यायच्या. कधी मूठभर नवे पोहे, कधी गुळाचा खडा. एका वर्षी पाऊस लांबून भात आडवं झालं होतं आणि घरात काहीच नव्हतं. त्या वर्षी ताटात आला चिंचेचा गोळा, मिठात मळलेला, त्यावर बोटांचे ठसे तसेच उमटलेले. आजीनं तो बरणीत निराळा ठेवला आणि लेंटच्या उपासात माशाच्या आमटीला पुरवून पुरवून वापरला. नेवऱ्या गोड झाल्यात असं कुणी सांगितलं की ती नुसती हुं करायची. त्या चिंचेचं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

शुभवर्तमान ही देवाची देणगी आहे, ती सगळ्या माणसांसाठी आहे आणि ती सगळ्यांना एक करते, असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवत. देणगी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ते ताट यायचं. पुढे मोठेपणी प्रश्न पडायला लागला: ताट तर आलं, पण परत काय गेलं? परत काही घ्यायची देणाऱ्याची तयारी तरी होती का?

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मला म्हणूनच सगळ्यांत जवळचा वाटतो. भर दुपार, शोमरोन प्रांत, याकोबाची विहीर. शिष्य गावात खायला काही मिळतंय का बघायला गेलेले. येशू चालून चालून दमलेला, विहिरीवर टेकलेला. पाणी शेंदायला त्याच्याकडे पोहराही नाही. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते आणि हा तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नसे. युरोपातल्या वाचकाला इथे तळटीप द्यावी लागत असेल. ज्या मुलखात चवदार तळ्यातलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वाचकाला काही समजावून सांगायला नको. बाईसुद्धा चमकून त्याला तेच विचारते, की तू माझ्याकडे पाणी कसा मागतोस.

येशू तिला जिवंत पाणी देऊ करतो ती गोष्ट नंतरची. ज्याच्याकडे द्यायला सगळं आहे तो आधी हात पुढे करतो, तहानेला होऊन. देणाऱ्यानं असं मागितल्यावर घेणारीच्या मानेवर ओझं राहत नाही. दोघांमधलं अंतर मिटतं ते इथे, उपदेश सुरू व्हायच्या आधी.

आणि मग ती बाई काय विचारते, तर सीमाप्रश्न! आमचे वाडवडील या डोंगरावर भजत आले, तुम्ही यहुदी म्हणता यरुशलेमच खरं. तर बरोबर कोण? हे वाचताना मला दर वेळी हसू येतं. राज्यांच्या नव्या हद्दी आखल्या त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही दुसरं काय विचारत आलोय? येशू तिला ना डोंगराच्या बाजूनं निकाल देतो, ना यरुशलेमच्या. देवाची भक्ती कुठल्या हद्दीत होते याला पुढे महत्त्व राहणार नाही, अशा अर्थाचं काही बोलतो. ती घागर तिथेच टाकून गावात धावते. गाव येतं, त्याला राहायचा आग्रह करतं, आणि तो दोन दिवस राहतो. दोन दिवस म्हणजे चार वेळा तरी तो त्याच भांड्यांत जेवला असणार. प्रवचनात हे दोन दिवस कुणी फारसे घेत नाही.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढून नेणाऱ्या कथांत ही शोमरोनी बाईची कथा होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या सिस्टर मंडळींनी जे सांगितलं ते मान खाली घालून घेणाऱ्या त्या नव्हत्या. पत्रांतून त्यांनी त्यांतल्या सिस्टर जेराल्डिनशी असा वाद घातलाय की वाचणाऱ्यानं सावरून बसावं. देणगी देवाची आहे, तुमची नव्हे, हा त्यांचा एकूण सूर. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घोटून त्यांनी अख्खं बायबल साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या. ते बायबल पुरं छापून झालं १९२४ साली.

त्यांच्या सुमारे तीनशे वर्षं आधी फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ च्या ऑक्टोबरात हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि उरलेला जन्म साष्टीत काढून तिथेच मेला. इथल्या नवख्रिस्त्यांना पुराणं ऐकायची सवय होती आणि ती सुटल्यामुळे त्यांना सुनं सुनं वाटत होतं. स्टीफन्सनं ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, आणि दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याच्यासारख्या पंडिताला लॅटिनमधून उतरवून, समजा आणि पाठ करा, असं सांगता आलं असतं. त्यानं आधी या मातीकडून ओवी मागून घेतली. मराठीच्या थोरवीच्या ज्या ओव्या आपल्या पाठ्यपुस्तकांत येतात त्या एका परदेशी पाद्र्याच्या आहेत, हे परत गेलेलं ताट समजावं.

पण त्याच गोव्यातली दुसरी तारीखही सांगायला हवी. २७ जून १६८४. पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. इन्क्विझिशन तर १५६० पासून मानेवर होतंच. देव तोच, क्रूस तोच, शुभवर्तमान तेच. पण इथे वरचा हात कायम वरच राहिला. मग काय झालं? माणसं घाट चढायला लागली. हिंदू आपले देव घेऊन आले आणि ख्रिस्तीही आले, कुणी इन्क्विझिशनच्या धाकानं, कुणी कर, साथी, दुष्काळ यांना कंटाळून. खानापूर तालुक्याच्या रानातली आमची वस्ती पुष्कळशी अशी झाली आहे. एकाच घाटानं दोघं वर आले, म्हणून तर हरिपाठ आणि तेर्स एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे.

सिद्दी लोकांचं तर याहून नवल. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली ही माणसं. त्यांतली कितीतरी गोव्याच्या पोर्तुगीज धन्यांच्या तावडीतून निसटून सह्याद्रीच्या या जंगलांत शिरली. हल्याळ, यल्लापूर, आमचा खानापूर तालुका इथे त्यांच्या वस्त्या आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. सिद्दीनास या त्यांच्या देवाच्या पूजेला तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात. ज्यांच्या हातात एकीकडे क्रूस आणि दुसरीकडे साखळदंड होता त्यांच्यापासून पळालेल्यांतल्या ख्रिस्त्यांनी साखळदंड टाकला आणि क्रूस ठेवला. देणाऱ्याच्या पापानं देणगी बाटत नाही याचा माझ्यापाशी याहून मोठा पुरावा नाही.

आमच्याबद्दल मात्र एवढं चांगलं बोलवत नाही. घाट चढताना आम्ही जात गोव्यात ठेवून आलो नाही. बामण आणि चारडे, त्यांच्या वेगवेगळ्या कोंफ्रारी (चर्चमधली मंडळं), मिरवणुकीत पुढे कोण आणि मागे कोण, हे सगळं गोव्यात शतकानुशतकं चाललं आणि त्याचा वास आमच्या सोयरिकींना अजून येतो. एकाच वेदीवर एकच भाकर खाणारी माणसं स्थळ बघताना आडनावावरून मूळ गाव शोधतात.

नारायण वामन टिळकांना हे दिसलं होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसणार होते. अभंग, कीर्तन, टाळ हे त्यांनी वारकऱ्यांकडून उघड उघड घेतलं आणि ख्रिस्ताला वाहिलं. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, आणि दरबार फार टिकला नाही. मिशनला तो संशयास्पद वाटला, हिंदूंना डाव वाटला. मला तो, आपल्याकडे शुभवर्तमानाच्या नावानं जे जे झालं त्यातला सगळ्यांत शहाणा उद्योग वाटतो.

आता देणगीचा प्रश्न विधानसभेत पोचलाय. २०२१ च्या डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं होतं. तिथे धर्मांतराविरुद्धचं विधेयक संमत झालं आणि २०२२ साली त्याचा कायदा झाला. त्यात आमिष कशाकशाला म्हणायचं याची यादी आहे, आणि त्या यादीत भेटवस्तू आहे, नोकरी आहे, धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणसुद्धा आहे. घरात ते वाचलं तेव्हा वडील म्हणाले, 'म्हणजे नेवऱ्यासुद्धा मोजणार काय?' आम्ही हसलो, पण हसणं फार टिकलं नाही. हा कायदा चूक आहे असं माझं मत आहे. माणसानं कुणावर विश्वास ठेवायचा हे सरकारला कळवून ठेवायची गोष्ट नव्हे. तरी ज्या संशयातून तो निघाला तो निव्वळ हवेतून आलेला नाही. १६८४ ची आठवण फक्त आम्हालाच आहे असं थोडंच आहे?

यात आमचा वाटा किती, हेही बघायला हवं. बेळगावात लंडन मिशन १८२० साली आलं, सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. या शाळांतून सगळ्या जातीधर्मांची पोरं शिकून मोठी झाली. त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण दोनशे वर्षं शाळा द्यायच्या, दवाखाने द्यायचे, वसतिगृहं द्यायची, यानं आम्हाला एक खोड लागली. आम्ही देणारे झालो. शेजाऱ्याकडे काही मागायची वेळच आम्ही स्वतःवर येऊ दिली नाही. चर्चमध्ये आता वाद कशावरून, तर कोंकणी मीस, म्हणजे मिस्सा, किती वाजता, मराठी किती वाजता आणि कन्नड मीसला सकाळची चांगली वेळ का नाही. तीन भाषांची माणसं एकमेकांना जागा देण्याची भाषा करतात. 'तुमचं एक गाणं आम्हाला शिकवा' असं कुणी कुणाला म्हणत नाही. मग बाहेरच्यांना काय सांगणार?

म्हणून गुंजी, खानापूर, लोंढ्याच्या माझ्या मंडळींना एक विनंती. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादीन (प्रार्थनामाला) म्हणाल तेव्हा पेटी शेजारच्या भजनी मंडळाकडून मागून आणा, आणि वाजवणाराही त्यांचाच बोलवा. आपला सूर हलतो हे त्यांना तसंही ठाऊक आहे. चणे वाटताना पहिला द्रोण त्याला द्या आणि तो काही सुचवील तर ऐका. आपल्याकडे कीबोर्ड असला तरी पेटी मागा.