काकवीला कुणी खोटा मध म्हणत नाही

पॅनकेकवर घालायचं ते मेपल सिरपच, बाकी सगळी नक्कल, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते आता राहिलेलं नाही. ते कसं बदललं हे लिहिताना एका बाईंशी मी कशी वागले, तेही लिहावं लागेल.

लग्नानंतर मी कोल्हापूरहून अमेरिकेत आले, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. पहिल्याच महिन्यात ‘पॅनकेक सिरप’ असं लिहिलेली एक स्वस्त बाटली आणली आणि घरी येऊन मागचं लेबल वाचलं. कॉर्न सिरप, रंग, कृत्रिम स्वाद. मेपलचा थेंबही नव्हता. फसवल्यासारखं वाटलं. मग मी मेपलबद्दल मिळेल ते वाचू लागले. हिवाळा सरताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब, अशा मोजक्या दिवसांत त्या झाडांचा रस वाहतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप होतं. व्हरमाँट आणि क्वेबेकमधली माणसं त्यासाठी रात्री जागवतात. हे कळल्यावर दुसरं काही पॅनकेकवर घालणं मला त्या कष्टांचा अपमान वाटू लागलं.

एका रविवारी शेजारच्या आजींनी आम्हाला सकाळच्या खाण्याला बोलावलं. गरम वॉफल्स होते आणि चिनी मातीच्या जगमध्ये फिकट बदामी रंगाचं, वर फेस असलेलं काहीतरी होतं. ‘बटरमिल्क सिरप,’ त्या म्हणाल्या. ताक, लोणी आणि साखर घालून त्यांनी सकाळी उठून ते केलं होतं. मी चाखलंही नाही. ‘आम्हाला खरं सिरप आवडतं,’ असं म्हणून घरी गेले आणि माझी मेपलची बाटली घेऊन आले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो जग हळूच बाजूला सरकवला. त्यांचा हात अजून डोळ्यांसमोर येतो.

दोन वर्षांनी आई आमच्याकडे राहायला आली आणि आजींनी पुन्हा बोलावलं. आईने तो जग उचलून वॉफलवर सढळ हाताने सिरप ओतलं, खाल्लं, परत ओतलं. घरी आल्यावर मी तिला माझं खऱ्या-खोट्याचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘आपण धिरड्याबरोबर काकवी खातो. तिला कधी कुणी खोटा मध म्हणालंय का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काहिलीत उसाचा रस उकळत असताना, गूळ व्हायच्या आधी काढून घेतलेली काकवी मी लहानपणापासून खात आले आहे. मधाशी तिची तुलना करावी असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ती गोड आहे, घट्ट आहे, सोनेरी आहे, पण ती काकवी आहे. त्या बाटलीने रंगाने आणि स्वादाने मेपलचं सोंग घेतलं होतं, म्हणून तिच्यावरचा माझा राग रास्त होता. आजींच्या सिरपने कसलंच सोंग घेतलं नव्हतं. त्यांनी त्याचं नाव स्वच्छ सांगितलं होतं. एका फसवणुकीचा राग मी भलत्याच माणसावर काढला होता.

मी आजींकडे गेले, माफी मागितली आणि सिरप शिकवाल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तुझ्याकडचं सगळ्यात मोठं पातेलं आण.’ एक वाटी साखर, अर्धी वाटी लोणी, अर्धी वाटी बटरमिल्क आणि दोन चमचे कॉर्न सिरप. इथलं बटरमिल्क विरजण लावून केलेलं, दाट असतं. आपलं पातळ ताक चालत नाही. मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळायचं, गॅस बंद करायचा आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालायचा. त्या क्षणी मोठ्या पातेल्याचं कारण कळतं. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो आणि फेस दुपटी-तिपटीने वर येतो. सोड्यामुळे आंबटपणा उतरतो, आणि दुधातली प्रथिनं आणि साखर मिळून तो खरपूस बदामी रंग लवकर धरतात. शेवटी चमचाभर व्हॅनिला. कॉर्न सिरप असतं ते साखरेचे खडे बनू नयेत म्हणून.

घरी पहिल्यांदा केलं तेव्हा पाककृतीच्या एका पुस्तकातल्या तापमानावर विसंबले. दुसऱ्या दिवशी सिरप रवाळ झालं होतं. आमचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. पुस्तकातला आकडा गाठेपर्यंत पाणी गरजेपेक्षा जास्त आटलं होतं. आता मी पाकासारखं बोटांत धरून बघते. चिकटायला हवं, पण तार सुटायच्या आत थांबायचं. आईने शिकवलेली ही परीक्षा कोणत्याही उंचीवर चुकत नाही.

मेपलची बाटली आजही माझ्या फडताळात आहे आणि त्यामागच्या कष्टांबद्दलचा आदर तसाच आहे. पण रविवारी सकाळी मी मोठं पातेलं काढते. पहिला जग भरला की तो शेजारी नेऊन देते. आजी झाकण उघडून वास घेतात आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवतात.