फाइल कोणाच्या हातात दिली?

माझ्या चेंबरमध्ये भेदभाव होत नाही, असं मी अनेक वर्षं मनापासून मानत होतो. मी कधी कोणाची जात काढली नव्हती, कोणा मुलीला अपशब्द बोललो नव्हतो. पण वकिलीत भेदभाव करायला अपशब्द लागतच नाहीत. कोणती फाइल कोणी चालवायची हे ठरवण्याचा अधिकार पुरतो. जिल्हा न्यायालयातला सीनिअर म्हणून तो माझ्याकडे होता आणि मी तो चुकीचा वापरला.

माझ्याकडे आलेल्या पहिल्या महिला जुनिअरला मी लग्नाबद्दल विचारलं होतं. मुलांना हा प्रश्न मी कधीच विचारला नाही. कामं दिली ती पोटगीची, घटस्फोटाची, तारखा घेण्याची. सत्र न्यायालयातल्या एका खून खटल्यात साक्षीदाराचा पोलिसांपुढचा, कलम १६१ चा जबाब आणि त्याची कोर्टातली साक्ष यांतली तफावत तिने शोधली. उलटतपासाचे प्रश्नही तिनेच काढले. आरोपीचे वडील म्हणाले, "साहेब, बाईमाणूस उभं करू नका." मी तो उलटतपास माझ्या भाच्याला दिला. त्याची सनद तिच्यानंतरची होती.

"सर, प्रश्न माझे आहेत, मग विचारायला मी का नको?" तिने विचारलं.

अशिलाची इच्छा आहे, असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं. खटल्यातल्या बाकी प्रत्येक बाबतीत ते गृहस्थ माझंच ऐकत होते. याही बाबतीत ऐकले असते. खुनाच्या खटल्यात बाई कमी पडेल हे माझंच मत होतं. अशिलाने ते फक्त बोलून दाखवलं.

दुसरी चूक एका दलित जुनिअरच्या बाबतीतली. गावाकडचे पक्षकार जमिनीच्या वाटपाचे दावे घेऊन येत, खुर्चीत बसल्या बसल्या त्याला आडनाव विचारत आणि मग त्याच्याशी बोलणं टाळत. त्यांना थांबवण्याऐवजी मी त्यालाच त्या दाव्यांतून बाजूला केलं. त्याच्याकडे अ‍ॅट्रॉसिटीची आणि मोफत विधी सहाय्याची प्रकरणं दिली. आपण त्याला अपमानापासून वाचवतोय असं मला वाटायचं. प्रत्यक्षात जमिनीचा कायदा शिकण्याची संधी मी त्याच्याकडून काढून घेतली. फी देणारे पक्षकार तर बहुतेक जमिनीच्या दाव्यांतलेच होते. अखेर तो दुसऱ्या वकिलांकडे गेला.

त्याच काळात १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला मी बाररूममध्ये भाषणं करत होतो. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांना ब्रीफ द्यायला कचरत, हे मी तळमळीने सांगायचो. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना वकिलीची कायदेशीर मुभा १९२३ च्या कायद्याने मिळाली, हेही सांगायचो. तो जुनिअर समोरच बसलेला असे. ब्रीफ नाकारणाऱ्यांमध्ये मीही आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं एका अर्जामुळे. सरकारी वकिलाच्या पदासाठी अर्ज करताना त्या महिला जुनिअरने, तिने स्वतः चालवलेल्या खटल्यांचा दाखला माझ्याकडे मागितला. मी जुनी प्रकरणं काढून बसलो. बहुतेक वकीलपत्रांवर तिचं नावच नव्हतं. तिच्या प्रश्नांवर झालेल्या उलटतपासावर भाच्याचं नाव होतं. इतकी वर्षं ती सकाळपासून कोर्टात राबली होती आणि तिच्या कामाचा कागदोपत्री पुरावा नव्हता. "मुलींना अनुभव कमी असतो" हे मीच बाररूममध्ये बोललो होतो. तो अनुभव मिळू न देणाराही मीच होतो.

दोघांचीही मी माफी मागितली. त्यांची वर्षं मात्र माफीने परत येत नाहीत.

आता माझ्याकडे फाइल ज्याने तयार केली, तोच ती चालवतो. त्याचं नाव पहिल्या दिवशी वकीलपत्रावर येतं. जुनिअर बदलून मागणाऱ्या पक्षकाराला मी दुसरा वकील बघायला सांगतो. काही जण गेले, बरेच थांबले. इतकी वर्षं ज्या नुकसानाची भीती घातली जात होती, ते नुकसान फारसं झालंच नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जुनिअरना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये स्टायपेंड द्यावा, अशी शिफारस केली. घरात आधीचा वकील नसलेली मुलं अनेकदा पैशाअभावी हा व्यवसाय सोडतात, म्हणून ही शिफारस पाळायला हवी. पण पैशाइतकंच काम महत्त्वाचं आहे. माझ्या सीनिअर बंधुभगिनींना विनंती आहे: गेल्या वर्षभरातली आपली वकीलपत्रं काढून बघा. उलटतपास आणि युक्तिवाद कोणाला दिले, कोणाला नुसत्या तारखा घ्यायला पाठवलं, ते तपासा. आपण भेदभाव करतो की नाही, याचं उत्तर तिथे मिळेल.